मोठ्या संघांना हरवणे आणि मोठा संघ चालवणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या एका फुटबॉल प्रशिक्षकांनी मर्यादित पैशांच्या क्लबला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आणले, पुढचे दोन हंगाम त्याला गुणतालिकेच्या वरच्या अर्ध्यात ठेवले आणि या काळात देशातल्या बलाढ्य क्लबांना त्यांच्याच मैदानावर हरवले. आता विजेतेपदाची अपेक्षा बाळगणाऱ्या एका क्लबमध्ये त्यांचे नाव घेतले जात आहे. बड्या संघांविरुद्धचे हे विजय हाच त्यांच्या तयारीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असे प्रश्नकर्त्याला वाटते आणि ते कितपत खरे आहे हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रशिक्षकांच्या निवडीसाठी क्लबांना अहवाल लिहून देण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. त्या अनुभवावरून मी असे म्हणेन की मोठ्या क्लबसाठी माणूस निवडताना बड्या संघांविरुद्धचे विजय हा सर्वांत फसवा पुरावा असतो. ते विजय खोटे किंवा नशिबाचे असतात असे मी म्हणत नाही. अडचण अशी की नव्या क्लबमध्ये गेल्यावर हे प्रशिक्षक तो सामना पुन्हा फारसा खेळणारच नाहीत. आज त्यांचा संघ मागे थांबतो, जागा बंद करतो, प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन पुढे येऊ देतो आणि त्याने मागे सोडलेल्या मोकळ्या जागेत वेगाने धावतो. उद्या त्यांच्या हाताखालचा संघ चेंडू घेऊन उभा असेल आणि समोर दहा माणसे स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राभोवती भिंत बांधून बसलेली असतील. मोठ्या क्लबचे काम हे छोट्या क्लबच्या कामाची वाढवलेली आवृत्ती नसून बऱ्याच अंशी वेगळेच काम आहे. म्हणून तयारी तपासायची तर त्यांच्या आजवरच्या कामात त्या वेगळ्या कामाचे तुकडे कुठे कुठे सापडतात ते शोधावे लागते.

रॉय हॉजसन यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्यांच्या फुलहॅम या इंग्लिश क्लबने मार्च २०१० मध्ये युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत युव्हेंटसकडून पहिला सामना ३-१ असा गमावल्यानंतर परतीच्या सामन्यात ४-१ असा विजय मिळवला आणि पुढे अंतिम फेरी गाठली. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्यांना नेमले. सप्टेंबरमध्ये लिव्हरपूल लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या नॉर्थॅम्प्टनकडून घरच्या मैदानावर पेनल्टींवर हरला, ऑक्टोबरमध्ये नव्याने वर आलेल्या ब्लॅकपूलने त्यांना ॲनफिल्ड या त्यांच्याच मैदानावर हरवले, डिसेंबरअखेरीस तळाशी असलेल्या वुल्व्ह्जनेही तेच केले आणि जानेवारी २०११ मध्ये हॉजसन यांना जावे लागले. दोन शिस्तबद्ध फळ्या आखून प्रतिस्पर्ध्याला कोंडीत पकडण्याची त्यांची विद्या काही महिन्यांत नाहीशी झाली नव्हती. नव्या जागी तिची गरज कमी होती आणि जिची गरज होती ती त्यांच्या संघाला शिकवली गेली नव्हती.

डेव्हिड मॉयेस यांच्या मँचेस्टर युनायटेडमधल्या हंगामातला एक सामना मी नव्या विश्लेषकांना आवर्जून पाहायला सांगतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तळाशी असलेला फुलहॅम युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आला होता. युनायटेडने त्या दिवशी दोन्ही बाजूंनी ऐंशीहून अधिक क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेले चेंडू, टाकले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. क्रॉसची ती संख्या मेहनतीची साक्ष देते, पण त्याहून अधिक ती एका संघाकडे दुसरा उपाय नसल्याची साक्ष देते. मधून घुसायला वाट नाही म्हणून चेंडू बाजूला जातो, बाजूला गेला म्हणून क्रॉस पडतो, क्रॉस पडला म्हणून समोरचे उंच बचावपटू तो डोक्याने बाहेर काढतात आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. मॉयेस यांनी अकरा वर्षे एव्हर्टनला आपल्या ऐपतीपेक्षा वर ठेवले होते आणि ते कर्तृत्व अस्सल होते. परंतु दाटीवाटीच्या बचावाला आठवड्यामागून आठवडे फोडण्याचे काम त्यांना तोवर रोजचे काम म्हणून करावे लागले नव्हते.

म्हणून प्रश्नातल्या प्रशिक्षकांचे सामने पाहायचे असतील, तर बलाढ्य संघांना हरवलेले सामने बाजूला ठेवून त्यांचा संघ जिंकणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते ते सामने पाहावेत. पहिल्या श्रेणीत असे सामने थोडे असतात. तळाच्या संघांविरुद्ध घरचे सामने, खालच्या श्रेणीतल्या क्लबांविरुद्ध चषकाच्या फेऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेल्यानंतरचा काळ. हा शेवटचा प्रकार लोक सहसा दुर्लक्षितात, पण मला तो अतिशय मोलाचा वाटतो, कारण दहा जणांवर आलेला संघ हमखास मागे सरकतो आणि त्या अर्ध्या तासात आपल्याला उद्याच्या मोठ्या क्लबमधले चित्र आयतेच दिसते. त्या वेळी त्यांचे खेळाडू काय करतात? मैदानाची पूर्ण रुंदी वापरली जाते का? बचावफळी आणि मधली फळी यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात कोणी पाठ वळवून चेंडू घ्यायला उभा राहतो का, आणि त्याच क्षणी दुसरा कोणी बचावाच्या मागे धावतो का, की सगळेच पायात चेंडू मागत थांबतात? हल्ला चालू असताना मागे राहिलेले दोन-तीन खेळाडू प्रतिहल्ला रोखता येईल अशा जागी उभे आहेत का? या शेवटच्या गोष्टीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो. चेंडू सतत आपल्याकडे असलेल्या संघाचे बहुतेक अपघात चेंडू गमावल्यानंतरच्या पाच-सहा सेकंदांत होतात आणि मागे थांबून खेळणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला त्या सेकंदांची सवय नसते.

आणि या प्रशिक्षकांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पुरावा बहुधा सगळे विसरलेले असतील. दुसऱ्या श्रेणीतून वर येण्याचा हंगाम! त्या वर्षी त्यांचा संघ बऱ्याच सामन्यांत वरचढ मानला जात असणार, समोरचे संघ मागे बसत असणार आणि गुण गमावणे हीच बातमी ठरत असणार. पहिल्या श्रेणीतल्या दोन वाहवा झालेल्या हंगामांपेक्षा तो एक हंगाम मोठ्या क्लबच्या कामाशी अधिक जवळचा आहे. विन्सेंट कोम्पनी यांची बायर्न म्युनिकने केलेली निवड याच दृष्टीने समजते. त्यांचा बर्नली संघ २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, अवघे २४ गुण मिळवून एकोणिसाव्या स्थानावर राहिला आणि खालच्या श्रेणीत घसरला. अशा माणसाला जर्मनीतला सर्वांत मोठा क्लब नेमतो याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण आदल्या हंगामात त्याच बर्नलीने चेंडूवर ताबा ठेवून, मागे बसलेल्या संघांना फोडत, १०१ गुणांसह दुसरी श्रेणी जिंकली होती. बायर्नला जे काम हवे होते त्याचा नमुना त्या हंगामात होता. कोम्पनी यांनी २०२४-२५ मध्ये बायर्नला बुंडेसलिगा ही जर्मनीची पहिली श्रेणी जिंकून दिली. याचा अर्थ अपयश हीच पात्रता असा होत नाही. गुणतालिकेतले स्थान आणि कामाचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तयारीचा प्रश्न दुसरीशी निगडित आहे.

उलट दिशेचे उदाहरण नुनो एस्पिरितो सांतो यांचे. वुल्व्ह्जला त्यांनी प्रीमियर लीगमध्ये सलग दोनदा सातव्या स्थानावर नेले, टॉटनहॅममध्ये मात्र २०२१ मध्ये ते नोव्हेंबर उजाडेपर्यंतच टिकले. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांनी चेंडूचा ताबा कमी ठेवणाऱ्या, भक्कम बचावाच्या आणि वेगवान प्रतिहल्ल्याच्या खेळावर २०२४-२५ मध्ये पुन्हा सातवे स्थान मिळवून दिले. माणूस तोच, विद्या तीच, फक्त जागा बदलली.

दुसरा विषय आठवड्याचा आहे आणि बाहेरून पाहणाऱ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. युरोपीय स्पर्धेत नसलेल्या क्लबचा आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो. सामन्यानंतरचा एखाद-दुसरा दिवस विश्रांतीचा आणि सामन्याच्या आदला दिवस हलक्या सरावाचा वगळला, तरी मध्ये किमान दोन दिवस पूर्ण ताकदीने शिकवायला मिळतात. होतकरू प्रशिक्षकांची ख्याती बहुतेकदा याच दिवसांत घडलेली असते. ते मैदानावर उभे राहून, खेळ थांबवून, एकेकाला चार पावले इकडे-तिकडे सरकवून शिकवतात, आणि तीन महिन्यांत संघ ओळखू येणार नाही इतका बदलतो. मोठ्या क्लबमध्ये रविवारी सामना, बुधवारी सामना आणि पुन्हा शनिवारी सामना असा क्रम महिनोन्‌महिने चालतो. युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, चॅम्पियन्स लीगमध्ये, पहिल्या टप्प्यातच २०२४-२५ पासून सहाऐवजी आठ सामने झाले आहेत. सामना खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी जोरात पळवता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सामन्याची पूर्वतयारी असते. मग शिकवायचे कधी? वीस मिनिटांच्या चित्रफितीतून, हळूहळू चालत केलेल्या उजळणीतून आणि मुख्य म्हणजे मोजक्या, स्पष्ट सूचनांतून. ज्यांची पद्धत गुंतागुंतीची आहे आणि ती बसवायला भरपूर सराव लागतो, असे उत्तम शिक्षक इथे अडखळतात.

रुबेन अमोरिम यांचा मँचेस्टर युनायटेडमधला पहिला हंगाम मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. स्पोर्टिंगला त्यांनी २०२१ मध्ये एकोणीस वर्षांनंतर पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा जिंकले. दाटीवाटीचा बचाव फोडण्याचा किंवा युरोपीय सामन्यांचा अनुभव त्यांना नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, तीन बचावपटूंच्या आपल्या ठाम रचनेसह ते आले तेव्हा ती रचना शिकवायला उन्हाळी सराव शिबिर नव्हते, खेळाडू तिच्यासाठी घेतलेले नव्हते आणि दर तीन-चार दिवसांनी सामना होता. युनायटेड लीगमध्ये ४२ गुणांसह पंधराव्या स्थानावर राहिला आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही हरला. तेव्हा आपल्या प्रशिक्षकांच्या बाबतीत पाहायचे ते हे: डिसेंबरसारख्या दाट वेळापत्रकाच्या काळात, तीन दिवसांच्या अंतराने आलेल्या दुसऱ्या सामन्यात त्यांचा संघ कसा दिसला? पाच खेळाडू बदलल्यावरही खेळाची ओळख टिकली, की अकरा विशिष्ट खेळाडू असले तरच ती दिसते? दोन हंगाम जवळजवळ तेच अकरा जण खेळवून वरच्या अर्ध्यात राहिलेल्या प्रशिक्षकांची ही परीक्षा अजून झालेलीच नाही. त्यांना तयार नाही म्हणणे अन्याय्य ठरेल, पण तयार आहेत हे म्हणायलाही आधार नाही.

खेळाडूंच्या खोलीविषयी, म्हणजे ड्रेसिंग रूमविषयी, फार लिहिले जाते आणि त्यातले बरेच अतिरंजित असते. बडे खेळाडू नवख्या प्रशिक्षकाला जुमानत नाहीत, हे सरसकट खरे नाही. त्यांना ज्याच्या बोलण्याने आपला खेळ सुधारतो असा माणूस चटकन ओळखता येतो. खरी अडचण न खेळणाऱ्यांची असते. छोट्या क्लबमध्ये बदली खेळाडूला बहुधा आपले स्थान ठाऊक असते. मोठ्या क्लबमध्ये बाकावर बसलेले सातजण आपापल्या देशांच्या राष्ट्रीय संघांचे आधारस्तंभ असतात, त्यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून येऊ शकते. आंद्रे व्हियास-बोआस यांनी २०१०-११ मध्ये पोर्तोसह एकही सामना न गमावता लीग जिंकली, शिवाय युरोपा लीगही जिंकली, आणि तेहतिसाव्या वर्षी ते चेल्सीत आले. फ्रँक लॅम्पार्ड आणि दिदिए द्रोग्बा त्यांच्याच वयाचे होते. संघाचे वय कमी करायला हवे हे त्यांचे निदान चुकीचे नव्हते. पण ते ज्या घाईने अमलात येऊ लागले ते त्या खोलीला पेलले नाही. मार्च २०१२ मध्ये त्यांना काढण्यात आले आणि त्यांचेच सहायक रोबेर्तो दी मातेओ यांनी त्याच ज्येष्ठ खेळाडूंच्या बळावर मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. या गोष्टीकडे पाहताना मी वयाला दोष देत नाही. युलियान नागल्समान यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी होफेनहाइमची सूत्रे घेऊन तो क्लब घसरणीपासून वाचवला होता. एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला बाजूला सारण्याची वेळ या प्रशिक्षकांवर आली आहे का आणि तो खेळाडू आज त्यांच्याविषयी काय बोलतो, एवढे मात्र मी नक्की विचारतो. त्यांच्या आवडत्या खेळाडूंची प्रशस्ती मला नको असते.

अपेक्षेचे ओझे हा याच विषयाचा भाग आहे. आपल्याकडे खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आदल्याच हंगामात तो क्लब खालच्या श्रेणीत घसरून नंतर पुन्हा सामावून घेतला गेला होता, त्यामुळे ते यश विलक्षण होते. लगेच ते ईस्ट बंगालमध्ये गेले, जिथे समर्थक २००३-०४ नंतर राष्ट्रीय विजेतेपदाची वाट पाहत होते. तिथे संघ चौथा आला. ऐझॉलमध्ये चौथ्या स्थानाचे कौतुक झाले असते, कोलकात्यात ते अपयश ठरले. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर अशी वाट चालत ते २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या मोठ्या क्लबमध्ये न जमणे म्हणजे त्या माणसाची मर्यादा कळली, असा निष्कर्ष काढण्याची लोकांना फार घाई असते.

आकड्यांविषयी थोडेच. दोन हंगाम म्हणजे पाऊणशेच्या आसपास सामने. त्यांतून गुणांपेक्षा संधींचा दर्जा अधिक विश्वासार्ह चित्र देतो. अपेक्षित गोलांच्या, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते त्याच्या, हिशेबाने संघ कुठे असायला हवा होता आणि प्रत्यक्षात कुठे आहे, एका गोलाने जिंकलेले सामने किती, गोलरक्षकाने असाधारण हंगाम खेळला का, दुखापती कमी झाल्या का, एवढे पाहावे. ग्रॅहम पॉटर यांचा ब्रायटन २०२०-२१ मध्ये सोळावा आला होता, पण संधींच्या हिशेबाने तो कितीतरी वर असायला हवा होता आणि पुढच्या हंगामात तो नववा आला. प्रश्नातल्या प्रशिक्षकांच्या बाबतीत उलटेही असू शकते, म्हणजे संघ आपल्या खेळापेक्षा वर बसलेला असू शकतो. ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यश प्रशिक्षकाचे किती आणि क्लबचे किती, हा हिशेब याहून अवघड आहे. पॉटर गेल्यावर ब्रायटन कोसळला नाही. रोबेर्तो दे झेर्बी यांच्या हाताखाली तो २०२२-२३ मध्ये सहावा आला आणि प्रथमच युरोपीय स्पर्धेत पोहोचला. खेळाडू हेरण्याची त्या क्लबची व्यवस्था किती भक्कम आहे हे त्यातून दिसले. पण याच तर्काने मौरिसियो पोचेत्तिनो यांना कमी लेखणे चुकीचे ठरले असते. २०१४ मध्ये त्यांनी साउदॅम्प्टन सोडल्यावर तो क्लब रोनाल्ड कूमन यांच्यासह आणखी वर गेला, आणि तरीही पोचेत्तिनो यांनी टॉटनहॅमला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तेव्हा व्यवस्था चांगली होती एवढ्यावर थांबू नये. व्यवस्थेने दिलेल्या खेळाडूंपैकी कोण त्यांच्या हाताखाली आधीपेक्षा स्पष्टपणे चांगला झाला आणि कशात, ते एकेक नाव घेऊन पाहावे.

शिकण्याची क्षमता मी सर्वांत वर ठेवतो, आणि तिचा पुरावा मुलाखतीतून मिळत नाही, तर कारकिर्दीतून मिळतो. एडी हाऊ यांच्या बोर्नमथने प्रीमियर लीगच्या पाचही हंगामांत दरवेळी साठहून अधिक गोल स्वीकारले आणि २०२० मध्ये तो क्लब घसरला. हाऊ वर्षभराहून अधिक काळ बाहेर थांबले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूकॅसलला आले. २०२२-२३ मध्ये न्यूकॅसलने संपूर्ण हंगामात अवघे ३३ गोल स्वीकारले, जे त्या लीगमध्ये सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्यांच्या बरोबरीचे होते, आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकून १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत चषक मिळवला. अधिक चांगले बचावपटू मिळाले हे खरे, पण आपल्या कामातली उणीव ओळखून ती दुरुस्त करणारा माणूसही तिथे दिसतो. प्रश्नातल्या प्रशिक्षकांनी वर आल्यानंतर खेळ बदलला, हे त्यांच्या बाजूने जाते. दुसऱ्या श्रेणीत ते एका प्रकारे खेळले आणि पहिल्या श्रेणीत दुसऱ्या प्रकारे, म्हणजे परिस्थितीनुसार वळण्याची तयारी त्यांच्यात आहे. मला हे त्यांच्या सगळ्या गाजलेल्या विजयांपेक्षा अधिक आश्वासक वाटते.

आता क्लबकडे वळायला हवे, कारण तयारीचा प्रश्न नेहमी माणसालाच विचारला जातो आणि ते अन्यायाचे आहे. पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीत गेले तेव्हा मालक नवे होते, खेळाडूंच्या खरेदीची घडी बसलेली नव्हती, मध्येच विश्वचषक होता आणि त्या एका हंगामात खेळाडूंवर पन्नास कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. हंगामाच्या मध्यावर तीसहून अधिक खेळाडूंमधून संघ निवडायचा होता. एप्रिल २०२३ मध्ये, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठलेली असताना, त्यांना काढण्यात आले आणि त्यांच्यानंतर निकाल आणखी बिघडले. हे पाहिल्यावर पॉटर तयार नव्हते असे म्हणणारे लोक अर्धेच चित्र पाहतात. मॉयेस यांच्या वेळीही सर ॲलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले होते, आणि मॉयेस यांनी आपली माणसे आणल्यामुळे विजेत्या संघाचे माहीतगार सहायकही गेले. ज्यांना क्लबची स्मृती म्हणता येईल अशी माणसे एकदम नाहीशी झाल्यावर सहा वर्षांचा करार कागदावरच राहतो.

याउलट युर्गेन क्लॉप २००८ मध्ये डॉर्टमुंडला आले ते माइन्झसह घसरण सोसून आणि पुन्हा वर येण्याचा प्रयत्न फसल्यावर. डॉर्टमुंड आदल्या हंगामात तेरावा आला होता आणि आर्थिक दिवाळखोरीच्या काठावरून परतलेला होता. म्हणून तरुण खेळाडूंना आणि प्रशिक्षकाला वेळ द्यायला तो तयार होता. सहावे, पाचवे आणि मग २०११ व २०१२ ची विजेतेपदे, असा तो क्रम होता. मोठा क्लब थोडा खाली आलेला असताना तिथे जाणे होतकरू प्रशिक्षकासाठी बहुधा सर्वांत चांगले असते. विजेत्या संघाचा वारसा घेणे त्याहून कितीतरी कठीण असते. आर्ने स्लॉट यांनी २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलला लगेच विजेतेपद मिळवून दिले, हे खरे आहे. मात्र नेदरलँड्सच्या फायनूर्डमध्ये ते वर्चस्व गाजवणाऱ्या, युरोपात खेळणाऱ्या आणि विजेतेपद मिळवलेल्या संघाचे प्रशिक्षक होते, आणि लिव्हरपूलमध्ये संघ जवळजवळ तसाच ठेवून त्यांनी बदल हळूहळू केले.

या सगळ्यावरून प्रश्नातल्या प्रशिक्षकांविषयी माझे मत असे आहे. विजेतेपदाची तत्काळ अपेक्षा असलेल्या आणि गेल्या काही वर्षांत प्रशिक्षक झपाट्याने बदललेल्या क्लबमध्ये त्यांनी या उन्हाळ्यात जाऊ नये. युरोपीय स्पर्धेत खेळणारा, पण विजेतेपदाचा दावेदार नसलेला क्लब त्यांच्यासाठी आज योग्य आहे, कारण तिथे त्यांना दाट वेळापत्रक आणि ताब्याचा खेळ दोन्ही शिकायला मिळतील आणि दोन बरोबरींनंतर नोकरी धोक्यात येणार नाही. तसा क्लब समोर नसेल, तर सध्याच्या क्लबमध्ये आणखी एक हंगाम थांबणेही शहाणपणाचे आहे. इप्सविचला सलग दोनदा वर नेल्यानंतर किरन मॅकेना २०२४ मध्ये मोठ्या क्लबांच्या विचारणा असताना थांबले आणि पुढच्याच वर्षी तो संघ घसरला, याकडे लोक धोक्याचे उदाहरण म्हणून बोट दाखवतात. तो धोका खरा आहे. तरीही घसरणीने प्रशिक्षकाचे दार कायमचे बंद होत नाही, हे क्लॉप, हाऊ आणि कोम्पनी या तिघांनी दाखवून दिले आहे. ऐन हंगामात मात्र कितीही मोठ्या क्लबचे बोलावणे आले तरी, शिकवायला वेळ लागणारी पद्धत असलेल्या प्रशिक्षकाने ते स्वीकारू नये.

आणि त्या बड्या क्लबला तरीही त्यांच्याशी बोलायचेच असेल, तर मी मुलाखतीसाठी एकच गोष्ट सुचवेन. त्यांच्याच संघाचा तळाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, चेंडू बहुतांश वेळ आपल्याकडे असूनही न जिंकलेला एक सामना निवडावा आणि त्यातला साठाव्या ते नव्वदाव्या मिनिटांचा खेळ त्यांच्यासोबत बसून पाहावा. खेळाडूंनी संधी वाया घालवल्या एवढेच स्पष्टीकरण त्यांच्याकडे असेल, तर मी त्यांचे नाव पुढे पाठवणार नाही. दुसऱ्या बदलीच्या वेळी आपण मधला खेळाडू काढून आघाडीवीर वाढवला, त्यामुळे पुढे गर्दी झाली आणि चेंडू पोहोचवणारा कोणी उरला नाही, आज तोच सामना असता तर आपण कोणाला कुठे उभे केले असते, असे ते न विचारता सांगू लागले, तर उरलेल्या गोष्टींची जबाबदारी क्लबने आपल्याकडे घ्यावी.